मानसिक आजारासाठी घरी नर्स: ब्युरोची सेवा घ्यावी का, घेतली तर कशी

पुणे, ठाणे, मुंबई, नाशिक, नागपूर इथल्या होम नर्सिंग ब्युरोंच्या जाहिरातींत हल्ली बाळ-बाळंतीण, पक्षाघात, ऑपरेशननंतरची शुश्रूषा यांच्या जोडीला 'सायकियाट्रिक केअर' हा एक रकाना असतो. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य किंवा दारूचं व्यसन असलेल्या माणसाला हॉस्पिटलमधून घरी आणलं की पहिला महिना घरच्यांचा कस लागतो. झोप मोडलेली असते, नोकरीवर जायचं असतं आणि पेशंटला एकटं सोडायची भीती असते. त्या घाईत फोन लावला जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कोणीतरी बॅग घेऊन उभं असतं. या सेवेत नेमकं काय मिळतं, काय मिळायला हवं आणि पैसे कुठे वाया जातात, ते इथे सांगतोय. कुठल्या एका ब्युरोचं नाव घेतलेलं नाही, कारण सेवेचा साचा सगळीकडे जवळपास एकच आहे आणि खोटही ठरलेल्या जागीच निघते.

आमचं मत आधीच सांगतो. नोंदणीकृत नर्स मिळाली आणि तिला मनोविकार वॉर्डाचा अनुभव असला, तर डिस्चार्जनंतरचे पहिले चार ते सहा आठवडे ही सेवा पैसे वसूल करून देते. नुसता अटेंडंट मिळाला तर तुम्ही राखणदार विकत घेतलेला असतो. काही घरांना तेवढीच गरज असते, पण मग त्याला राखणीचेच पैसे द्यावेत. चोवीस तासांची ड्यूटी बहुतेक घरांना लागत नाही.

पहिला प्रश्न हाच की येणारी व्यक्ती कोण आहे. फोनवर 'सिस्टर पाठवतो' म्हणतात आणि पाठवतात मावशी किंवा मामा. त्यांच्यात मायेची, समंजस माणसं पुष्कळ असतात, पण औषधाचा दुष्परिणाम ओळखणं हे त्यांचं शिक्षण नाही. नर्सिंगचे अभ्यासक्रम ठरलेले आहेत. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) 2 वर्षांचा, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) 3 वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग 4 वर्षांचा. त्यावर मानसोपचार परिचर्येचा 1 वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे, पण तो केलेली नर्स ब्युरोकडून क्वचितच मिळते. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये मानसिक आरोग्य नर्सची व्याख्या दिलेली आहे. जनरल किंवा मानसोपचार नर्सिंगची मान्यताप्राप्त पदविका वा पदवी हवी आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी हवी. म्हणून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा, नूतनीकरण कधीपर्यंतचं आहे ते बघा आणि आधार कार्डावरच्या नावाशी जुळवा. 'कागद ऑफिसात आहेत, नंतर पाठवतो' असं उत्तर आलं की तो माणूस अटेंडंट आहे असं धरून चाला. नोंदणीकृत नर्सचा दर अटेंडंटपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे बिल नर्सचं आणि माणूस अटेंडंटचा हा घोटाळा या धंद्यात नेहमीचा आहे.

अनुभव तपासायला एकच प्रश्न पुरतो: 'पेशंट तोंडात गोळी लपवतो असं वाटलं तर तुम्ही काय करता?' वॉर्डात काम केलेली नर्स लगेच क्रम सांगते. इतर जण 'मी बघते बरोबर' एवढंच म्हणतात.

तो क्रम असा. आधी चिठ्ठी, स्ट्रिपवरचं नाव आणि मिलिग्रॅम ताडून घ्यायचे. एका वेळची गोळी स्ट्रिपमधून पेशंटसमोरच काढायची, म्हणजे आपल्याला काय दिलं जातंय ते त्याला दिसतं. सोबत पाऊण ते एक पेला पाणी, घोटभर नव्हे. गोळी गिळल्यावर दोन वाक्यं बोलायची, काहीतरी विचारायचं. गालात गोळी असेल तर बोलणं अडखळतं. मग जीभ वर, दोन्ही गाल, वरच्या ओठाची आतली बाजू बघायची आणि हे सगळं दरडावून न करता दात दाखवायला सांगावं तितक्या सहज. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं त्याच खोलीत गप्पा मारत बसायचं, लगेच बाथरूमला जाऊ द्यायचं नाही. कवळी असेल तर तिच्याखाली बघायचं. संशय कायम राहिला तर डॉक्टरांना विचारून जिभेवर विरघळणारी गोळी किंवा द्रव औषध मागायचं. ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल ही औषधं विरघळणाऱ्या रूपात मिळतात.

इथे ब्युरोच्या लोकांची एक सवय मोडून काढावीच लागते. वरणात, चहात, ताकात औषध मिसळून देणं. घरचेच कधी कधी ते सुचवतात, कारण वाद टळतो. पण चव बदललेली कळते, अर्धी वाटी वरण ताटात राहिलं तर डोस किती गेला ते कळत नाही आणि आधीच 'माझ्या जेवणात काहीतरी घालतात' असा संशय असलेल्या माणसाला तुम्ही पुरावाच देता. तो मग जेवणही सोडतो. पेशंट ठाम नकार देत असेल तर ती गोष्ट लपवायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालायची. नकारामागे बहुतेक वेळा कारण असतं: पाय स्वस्थ बसू देत नाहीत, लैंगिक इच्छा गेली आहे, वजन दहा किलो वाढलं आहे. त्यावर उपाय असतात, पण कोणीतरी विचारायला हवं.

महिन्याला किंवा पंधरवड्याला घ्यायच्या लांब पल्ल्याच्या इंजेक्शनसाठी ब्युरो वेगळी 'व्हिजिट' देतात. ज्यांच्या गोळ्या वारंवार सुटतात त्यांच्यासाठी आमच्या मते ही सगळ्यांत उपयोगी आणि किफायतशीर सेवा आहे. फ्लुफेनाझिन डेकॅनोएट आणि हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट ही तेलातली इंजेक्शनं आहेत. ती जाड सुईने, साधारण 21 गेज आणि दीड इंच, कुल्ल्याच्या स्नायूत खोलवर द्यायची असतात. सिरिंज आणि सुई पूर्ण कोरडी हवी. कातडी एका बाजूला ओढून धरायची, सावकाश टोचायचं, थोडं थांबून सुई काढायची आणि मग कातडी सोडायची, म्हणजे तेल परत वर येत नाही. जागा चोळायची नाही. मागच्या वेळी उजवी बाजू होती तर आता डावी, आणि हे लिहून ठेवायचं. दंडात देते म्हणणारी, टोचल्यावर सवयीने चोळणारी नर्स आली तर पुढच्या वेळी दुसरी मागा. त्या जागी गाठी धरतात आणि मग पेशंट इंजेक्शनलाच नाही म्हणतो.

लिथियम आणि क्लोझापिन या दोन औषधांवर पेशंट असेल तर अटेंडंटवर भागवू नका. लिथियमचा फायद्याचा डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार थोडं. रक्तातलं प्रमाण नेहमीच्या उपचारात साधारण 0.6 ते 1.0 (मिलीमोल प्रति लिटर) च्या दरम्यान ठेवतात आणि 1.5 च्या वर विषबाधेची भीती सुरू होते. रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं, म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलाला 'लिथियमची तपासणी आहे' हे स्पष्ट सांगायचं, कारण लिथियम हेपॅरिन असलेल्या ट्यूबमध्ये ते रक्त गेलं की आकडा खोटाच वाढून येतो. जुलाब, उलट्या, कडक उपास, अचानक अळणी जेवण, एप्रिल-मे मधला घाम या सगळ्यांनी रक्तातलं लिथियम वाढू शकतं. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळीही तेच करते. हाताचा बारीक कंप नेहमीचा असू शकतो. कंप जाड झाला, चाल झोकांड्या खाऊ लागली, बोलणं जड झालं, सोबत जुलाब-उलट्या असल्या की पुढची गोळी थांबवून तडक हॉस्पिटल.

क्लोझापिनमध्ये पांढऱ्या पेशी एकाएकी घटण्याचा धोका असतो, म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने. ताप आला किंवा घसा दुखला तर क्रोसिन देऊन वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. हे बहुतेक नर्सना माहीत असतं. माहीत नसतं ते बद्धकोष्ठाचं. क्लोझापिनवर आतडं मंदावतं आणि दुर्लक्ष झालं तर जिवावर बेततं. म्हणून शौचाची नोंद रोज, आणि दोन दिवस कोरडे गेले की डॉक्टरांना फोन. दुसरी गोष्ट, या गोळ्या 48 तासांपेक्षा जास्त काळ सुटल्या तर जुन्या डोसवर परत उडी मारायची नाही. रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टर पुन्हा लहान डोसपासून चढवतात. दिवाळीला गावी गेले, गोळ्या विसरल्या, आल्यावर 'राहिलेल्या भरून काढू' म्हणून पूर्ण डोस दिला, असं घडतं. आणि पेशंटने विडी-सिगारेट सोडली असेल तर तेही डॉक्टरांना कळवायचं, कारण धूर बंद झाला की क्लोझापिनचं प्रमाण रक्तात वाढतं.

दुष्परिणामांपैकी एक घरच्यांना फार घाबरवतो. नवीन औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत मान एका बाजूला वळते, जबडा आखडतो, डोळे वर चढून तिथेच राहतात. अंगात आलं, नाटक करतोय, करणी केली, असे अर्थ निघतात. तो औषधाचा तात्काळ परिणाम असतो, इंजेक्शनने थोड्या वेळात सुटतो. पण ताप, लाकडासारखं ताठरलेलं अंग, घामाच्या धारा आणि भ्रमिष्टपणा एकत्र आले तर ती वेगळी, प्राणघातक गोष्ट आहे. तिथे घरगुती उपाय नाही, 108 ला फोन करायचा.

आता वहीकडे येतो, कारण सेवेची खरी परीक्षा तिथे होते. बहुतेक ब्युरो एक छापील तक्ता देतात. त्यात रक्तदाब, नाडी, तापमान, लघवी, शौच. खाली शेऱ्याच्या जागी रोज तेच लिहिलेलं: 'पेशंट शांत. जेवण केलं. औषध दिलं. झोप चांगली.' सलग दहा दिवस हेच वाक्य असेल तर कोणी काही पाहिलेलं नाही. कामाची नोंद अशी दिसते: 'रात्री 11.20 ला आडवे झाले, 2.45 ला उठले, स्वयंपाकघरात फेऱ्या, 4 नंतर झोप. सकाळी दोन वेळा खिडकीकडे बघून पुटपुटले, विचारल्यावर "काही नाही" म्हणाले. अर्धी पोळी, भात नाही. अंघोळीला तीनदा सांगावं लागलं. दुपारी टीव्ही बंद करायला सांगितला, आपल्याबद्दल बोलतात म्हणाले.' ही पाच वाक्यं घेऊन तुम्ही ओपीडीत गेलात तर डॉक्टरांच्या दहा मिनिटांचं सोनं होतं. 'कसे आहेत?' 'बरे आहेत' या संवादातून डोस ठरवणं अवघड असतं.

झोपेचे तास ही त्यातली सगळ्यांत मोलाची नोंद. बायपोलर आजारात उन्माद चढण्याआधी झोप कमी होते आणि कमी झोपूनही माणूस ताजातवाना असतो. सात तासांची झोप दोन-तीन रात्रींत चारवर आली आणि थकवा दिसत नाही, तर डॉक्टरांची पुढची तारीख येईपर्यंत थांबू नये. वजन आठवड्याला एकदा, त्याच काट्यावर, सकाळी. पोटाचा घेर महिन्याला एकदा. ओलान्झापिन आणि क्लोझापिनवर वजन आणि साखर दोन्ही वाढतात, आणि अनेक घरांत हे वर्षभराने कपडे होईनात तेव्हा लक्षात येतं.

संवादाच्या बाबतीत ब्युरोची सेवा सगळ्यांत कच्ची आहे. आवाज ऐकू येणाऱ्या माणसाला 'काही आवाज-बिवाज नाहीत, मनातून काढून टाका' असं सांगणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. त्याचं म्हणणं खरं मानून 'हो, शेजारी बोलतायत खरे' म्हणणं त्याहून वाईट. वॉर्डात शिकवतात ती वाट मधली: 'मला तो आवाज येत नाहीये, पण तुम्हाला येतोय आणि त्याचा त्रास होतोय हे कळतंय. काय म्हणतोय तो?' शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारायचा, कारण आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल तर ते ताबडतोब कळायला हवं. संशयी माणसाजवळ कुजबुजायचं नाही, त्याच्यासमोर फोनवर दबक्या आवाजात त्याच्याचबद्दल बोलायचं नाही, पाठीमागून जाऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही. नैराश्यातल्या माणसाला 'तुम्हाला काय कमी आहे' म्हणायचं नाही. एकेरी हाक तर अजिबात नको. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला 'चल बाळा, गोळी घे' म्हणणारे अटेंडंट प्रेमाने बोलत असतील, पण त्या माणसाचं उरलंसुरलं अवसान त्यात जातं. पहिल्याच दिवशी सांगा: काका, दादा, ताई, किंवा नावापुढे 'राव'-'बाई', जे त्या घरात शोभेल ते.

आत्महत्येचा धोका असलेल्या पेशंटसाठी सेवा घेत असाल तर ब्युरोकडे लेखी सुरक्षा-योजना मागा. सहसा मिळत नाही, मग डॉक्टरांकडून घ्या. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे जोखमीचे असतात. नैराश्याच्या औषधांनी अंगातली हुशारी आधी परत येते आणि मन मागून सावरतं, त्या मधल्या काळात आधी ताकद नसलेली गोष्ट करायची ताकद येते. 'आता बरं वाटतंय त्यांना' म्हणून घरचे निर्धास्त होतात ती नेमकी हीच वेळ. घरातली तयारी अशी: बाथरूमची आणि खोलीची आतली कडी काढायची किंवा बाहेरून उघडेल अशी बसवायची. सगळ्या गोळ्या कुलपात, चावी नर्स किंवा घरच्या एका माणसाकडे, आणि घरात एका वेळी आठवड्याच्या वर साठा नको. उंदराचं औषध, फिनेल, ॲसिड, आणि शेती असेल तर फवारणीचे डबे घराबाहेर हलवायचे. गच्ची आणि गॅलरीचा बंदोबस्त करायचा. नर्सने चक्कर ठरावीक वेळेला मारायची नाही. दर पंधरा मिनिटांनी घड्याळ लावून गेलं की मधली चौदा मिनिटं मोकळी आहेत हे पेशंटला कळतं. कधी पाच, कधी बारा असं जायचं. आणि विचार येतात का हे सरळ विचारायचं. विचारल्याने डोक्यात ते भरतं हा समज चुकीचा आहे, उलट बरेच जण कोणी विचारण्याची वाटच बघत असतात.

पेशंट चवताळला तर काय, यावर ब्युरोचं उत्तर बहुधा 'आम्ही धिप्पाड माणूस पाठवतो' असं असतं. या उत्तरावर फोन ठेवून द्यावा. आवाज खाली ठेवणं, दोन हात अंतर राखून थोडं तिरकं उभं राहणं, दाराची वाट त्याच्यासाठी आणि स्वतःसाठी मोकळी ठेवणं, बघ्यांना बाहेर काढणं, एका वेळी एकानेच बोलणं आणि पाणी हवंय का, बाहेर जायचंय का अशी निवड देणं, यानेच बहुतेक प्रसंग निवळतात. बांधून ठेवणं घरात बसत नाही. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंडाने बांधण्यावर सरसकट बंदी घातली आहे. इतर प्रकारे जखडायचं तर ते मानसिक आरोग्य आस्थापनेत, म्हणजे मनोविकारांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयात किंवा केंद्रात, तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच उरला नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि नोंद ठेवून. ओढणीने पलंगाला हात बांधणारा अटेंडंट कायदा मोडतो आहे आणि त्याला घरात ठेवणारे घरचेही. जीव धोक्यात असेल अशा तातडीच्या वेळी कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंतचे तातडीचे उपचार करू शकतो आणि जवळच्या आस्थापनेत हलवू शकतो, पण नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे पेशंटने आपल्या वतीने निर्णय घ्यायला लेखी नेमलेला माणूस, उपलब्ध असेल तर त्याची संमती लागते. म्हणून प्रतिनिधीचं नाव लिहिलेला सहीचा कागद फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवा.

दारू सोडवण्यासाठी घरी नर्स बोलावतात, त्याबद्दल आमचं मत कडक आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी घरी बंद करणं धोक्याचं. पहिल्या दिवशी थरथर आणि घाम, 12 ते 48 तासांत फिटची शक्यता, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास भास, भ्रमिष्टपणा, ताप. आधी कधी फिट आली असेल, भ्रमिष्टपणा झाला असेल किंवा यकृत खराब असेल तर हे काम हॉस्पिटलचंच. 'घरीच सलाईन लावून सोडवतो' या पॅकेजच्या नादी लागू नका. थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) आधी न देता ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, आणि पॅकेजवाल्यांना नेमकं हेच ठाऊक नसतं.

जेवण-अंघोळीत मात्र ब्युरोची माणसं चांगली निघतात, आणि हे मोकळेपणाने सांगायला हवं. उन्मादात माणूस ताटावर बसतच नाही, त्याच्या हातात थालीपीठाची गुंडाळी, शेंगदाण्याचा लाडू, केळं, राजगिऱ्याची चिक्की देत राहणं आणि तासाला पाणी पाजणं हे अनुभवी मावशी न सांगता करतात. नैराश्यात उलटं. भरलेलं ताट बघूनच त्याची भूक मरते, म्हणून दोन-दोन तासांनी थोडी पेज, अर्धा पेला ताक, एक छोटी पोळी. अंघोळीला 'उठा, अंघोळ करा' एवढा मोठा हुकूम झेपत नाही. टॉवेल हातात देणं, पाणी काढून ठेवल्याचं सांगणं, आधी नुसतं तोंड धुणं, असे तुकडे करावे लागतात. पण सगळं मावशींनीच केलं तर महिन्याभरात पेशंट स्वतःचा चहाचा कपही उचलत नाही. चांगली नर्स दर आठवड्याला एक काम त्याच्याकडे परत सोपवते. आधी स्वतःचं ताट उचलणं, मग कपड्यांच्या घड्या, मग कोपऱ्यावरून दूध आणणं, आणि शेवटी गोळ्यांचा सात दिवसांचा डबा तिच्या देखत स्वतः भरणं.

विजेचा उपचार, म्हणजे ईसीटी, चालू असेल तर ब्युरो त्या दिवसापुरती सोबत देतात. ती घ्यावी. आधी सहा तास पोटात अन्न नको, कवळी आणि दागिने काढून ठेवायचे, सकाळच्या कुठल्या गोळ्या द्यायच्या ते भूलतज्ज्ञाला विचारायचं. उपचारानंतर काही वेळ गोंधळ राहतो, तेव्हा तारीख-वार विचारून परीक्षा घेत बसायचं नाही, नाव, जागा आणि 'उपचार झाला, आता घरी जायचंय' एवढं शांतपणे सांगायचं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

पैशाच्या व्यवहारात चार जागी पाय घसरतो. डिपॉझिट परत कधी मिळणार ते लेखी नसतं. 'रिलीव्हर', म्हणजे सुट्टीच्या दिवशी बदली माणूस, देणार म्हणतात, पण रविवारी कोणी येत नाही, किंवा दर आठवड्याला नवा चेहरा येतो, आणि संशयाने ग्रासलेल्या माणसाला नवा चेहरा म्हणजे नवा धोका. करारात लिहून घ्या की महिन्यात एकाहून जास्त बदल नको आणि बदलाच्या दिवशी दोघांनी निदान दोन तास सोबत काढायचे. चोवीस तासांच्या ड्यूटीत एकच माणूस रात्रभर जागा राहू शकत नाही, तरी जाहिरातीत तसं सुचवलं जातं. रात्रीची देखरेख खरोखर हवी असेल तर बारा-बारा तासांची दोन माणसं, नाहीतर फक्त रात्रपाळी घ्या. चौथी जागा गुप्ततेची. आजाराची माहिती गुप्त ठेवली जाणं हा पेशंटचा कायदेशीर हक्क आहे. सोसायटीच्या वॉचमनला आजाराचं नाव सांगणारा, पेशंटचे व्हिडिओ काढून ब्युरोच्या ग्रुपवर टाकणारा माणूस त्याच दिवशी बदलून घ्या.

ब्युरो परवडत नसेल किंवा गावात नसेल, तर सरकारी वाटा आहेत आणि त्या कमी दर्जाच्या नाहीत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या ओपीडीत महिन्याच्या इंजेक्शनबद्दल जरूर विचारा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, विनामूल्य, चोवीस तास आणि मराठीतही. रात्री दोन वाजता काय करावं सुचत नसेल तेव्हा ब्युरोच्या बंद फोनपेक्षा तो बरा. घरच्यांसाठी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) यांचे स्वमदत गट आहेत. तिथे शुभंकर, म्हणजे काळजी घेणारे घरचे, एकमेकांकडून जे शिकतात ते कुठलीही नर्स एकटी शिकवू शकत नाही.

सेवा थांबवण्याचीही एक रीत आहे आणि ती बहुतेक घरं चुकवतात. महिना भरला, पैसे दिले, सिस्टर संध्याकाळी निघून गेल्या, आणि पेशंटला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, असं करू नका. पंधरा दिवस आधी तारीख सांगा. पूर्ण दिवसावरून अर्ध्या दिवसावर, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा असं उतरवत आणा. त्या काळात गोळ्या घरच्या ज्या माणसाने द्यायच्या आहेत त्याने नर्सच्या समोर द्याव्यात, नर्सने नुसतं बघावं. शेवटच्या भेटीत वहीच्या मागच्या पानावर तिच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या: या माणसाचा आजार उलटतो तेव्हा पहिली खूण काय दिसते, कुठल्या बोलण्याने तो शांत होतो, आणि कुठल्या औषधाने त्याला काय त्रास झाला. त्या पानाचा फोटो काढून पुढच्या ओपीडीला डॉक्टरांना दाखवा आणि वही ब्युरोला परत देऊ नका, ती पेशंटची आहे.